सातपुड्याची झड, लाकडी फळीवर

जपानी चित्रकार हिरोशिगेने १८३३-३४च्या सुमारास शोनो या गावाजवळच्या चढणीचं एक चित्र काढलं. सर अचानक आली आहे. मागे बांबूचं बेट वाऱ्याने एका अंगाला झुकलंय. ते करड्या रंगाच्या छटांमध्ये असं छापलंय की पुढचे बांबू स्पष्ट दिसतात, त्यामागचे फिके आणि शेवटचे पावसात विरून गेलेले. डोली वाहणारे भोई खाली मान घालून चढ चढताहेत. उलट बाजूने दोघं उतारावर धावताहेत आणि त्यातल्या एकाने छत्री वाऱ्याच्या तोंडावर धरली आहे. त्या छत्रीवर प्रकाशकाचं आणि हे चित्र ज्या मालिकेतलं तिचं नाव कोरलेलं आहे. कोणाचाही चेहरा नीट दिसत नाही, पण प्रत्येकाची घाई दिसते.

पांढुर्णा-सौसर भागातल्या माणसाला हे चित्र समजावून द्यावं लागत नाही. आषाढ-श्रावणात झड लागली की सातपुड्याची रेघ अशीच थराथराने पुसट होत जाते. तीगाव-चिचोंड्याच्या घाटात पुढची झाडं काळी, मागची राखाडी आणि डोंगर नुसता अंदाजाने ओळखायचा. वावरातून परतणाऱ्या बायका डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन अशाच वाकून चालतात. हिरोशिगेला चित्रासाठी लागलं ते सगळं इथे दरवर्षी येतं.

जपानी लाकडी छापचित्रांची भुरळ आज आपल्याकडच्या तरुण चित्रकारांना पडली आहे. मात्र त्या प्रेमातून जे काम होतं, त्यात बहुतेक वेळा फुजी पर्वत, चेरीचा मोहोर, किमोनो आणि होकुसाईची ती प्रसिद्ध लाट पुन्हा पुन्हा येते. मला ते फार उणं वाटतं. या परंपरेतून घ्यायचं ते तिचं कोरणं, छापणं आणि रोजच्या वाटेकडे पाहणं. आणि ते घ्यायला पांढुर्णा-सौसर ही अगदी योग्य जागा आहे. डोंगर आणि मैदान, मराठी आणि हिंदी, नागपूर आणि भोपाळ यांच्या सीमेवरचा हा मुलूख आहे. १९५६पर्यंत तो नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होता, नंतर मध्य प्रदेशात राहिला आणि ऑक्टोबर २०२३मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याला स्वतःची चित्रं हवीत.

आता ही चित्रं बनत कशी, ते पाहू. होकुसाई किंवा हिरोशिगे यांचं नाव चित्रावर असलं तरी फळी त्यांनी कोरलेली नसे आणि कागदही त्यांनी छापलेला नसे. प्रकाशक पैसे घाली, विषय ठरवी आणि विक्री करी. चित्रकार पातळ कागदावर शाईने रेखाटन करून देई. कोरणारा वेगळा, छापणारा वेगळा. दोघांच्याही हातामागे अनेक वर्षांची उमेदवारी असे. चित्रं श्रीमंतांच्या दिवाणखान्यासाठी नव्हती. सोबा शेवयांच्या एक-दोन वाडग्यांच्या किमतीत एदोमधला, म्हणजे आजच्या टोकियोतला, सामान्य माणूस ती विकत घेई आणि भिंतीवर चिकटवी. होकुसाईच्या लाटेच्या काही हजार प्रती निघाल्या असाव्यात असा अभ्यासकांचा अंदाज आहे. आज त्यातल्या शंभराहून थोड्याच अधिक सापडतात, आणि नंतरच्या प्रतींमध्ये फळी झिजल्याच्या खुणा दिसतात. चित्राच्या शीर्षकाभोवतीची चौकट तिथे मध्येच तुटलेली आहे. संग्रहालयातले जाणकार त्या तुटक्या रेघेवरून प्रत लवकरची की उशिराची ते ओळखतात.

कोरणारा चित्रकाराचं रेखाटन फळीवर पालथं चिकटवी. कागद इतका पातळ की रेघा पाठीमागून दिसत, आणि आपोआप उलट्या होत. छापल्यावर त्या सुलट याव्यात म्हणून हे हवंच. वरून किंचित तेल चोळलं की कागद आणखी पारदर्शक होई. मग सुरीने प्रत्येक रेघेच्या दोन्ही बाजूंना काप द्यायचा आणि रेघेच्या आजूबाजूचं लाकूड पटाशीने काढून टाकायचं. रेघ तेवढी उभी राहते. मूळ रेखाटन या कामात नष्ट होतं. म्हणून जी चित्रं छापली गेली, त्यांची मूळ रेखाटनं सहसा उरलेली नाहीत. केसांची एकेक बट, पावसाची एकेक धार हे सगळं लाकडात उभं ठेवलेलं असतं. हिरोशिगेच्या १८५७ सालच्या ओहाशी पुलावरच्या पावसात धारांच्या दोन फळ्या आहेत आणि दोन्हींतल्या रेघांचा तिरकसपणा किंचित वेगळा आहे. एकावर एक छापल्यावर पाऊस दाट होतो आणि हलतोही. व्हॅन गॉगने १८८७मध्ये हे चित्र तेलरंगात उतरवून पाहिलं. पण कुंचल्याने ओढलेल्या त्याच्या धारांना फळीवरच्या धारांचा तो ताठपणा आला नाही, असं मला दोन्ही शेजारी ठेवून पाहताना नेहमी वाटतं.

रेघांची मुख्य फळी तयार झाली की तिच्या काही काळ्या प्रती काढायच्या. एका प्रतीवर चित्रकार फक्त निळा येणारा भाग रंगवून दाखवी, दुसऱ्या प्रतीवर फक्त पिवळा. त्या प्रती पुन्हा वेगवेगळ्या फळ्यांवर चिकटवून प्रत्येक रंगाची स्वतंत्र फळी कोरली जाई. १७६५च्या सुमारास सुझुकी हारुनोबूच्या चित्रांपासून अशी पूर्ण बहुरंगी छपाई रुळली. आपल्याकडे रवि वर्मांच्या छापखान्यात १८९४पासून हेच तत्त्व दगडावर वापरलं गेलं: दर रंगाला वेगळा दगड.

मग दहा फळ्यांवरचे दहा रंग एकाच कागदावर नेमके जागच्या जागी कसे बसतात? इथे जपानी कारागिरांची सर्वांत साधी आणि सर्वांत हुशार युक्ती येते. प्रत्येक फळीच्या कडेला, चित्राबाहेर, दोन खाचा कोरलेल्या असतात. कोपऱ्यात काटकोनाची एक आणि त्याच कडेला थोड्या अंतरावर सरळ रेघेची दुसरी. कागदाचा कोपरा पहिल्या खाचेत टेकवायचा, कड दुसऱ्या खाचेला लावायची आणि कागद सोडायचा. या खुणांना केंतो म्हणतात. आपल्याकडे धार जिल्ह्यातल्या बागची किंवा उज्जैनजवळच्या भैरूगढची कापडछपाई ज्यांनी पाहिली असेल, त्यांना फरक लगेच कळेल. तिथे कापड पसरलेलं असतं, ठसा हातात असतो आणि छिपा नजरेने जागा जुळवून ठसा कापडावर ठोकतो. जपानी पद्धतीत फळी जागेवर स्थिर असते आणि कागद तिच्याकडे येतो. रंग वर, कागद पालथा, आणि दाब कागदाच्या पाठीवरून. एवढ्याशा उलटापालटीमुळे अर्ध्या मिलिमीटरचीही चूक टाळता येते आणि दाब कुठे कमी, कुठे जास्त द्यायचा ते छापणाऱ्याच्या हाती राहतं.

दाब देण्यासाठी यंत्र नाही. बांबूच्या तंतूंची पिळलेली दोरी गुंडाळून केलेली चकती, तिला एक ताठ पाठ आणि वरून बांबूच्या सालपटाचं आवरण, असं बारेन नावाचं हत्यार तळहातात धरून कागदाच्या पाठीवर फिरवायचं. छापायच्या आधी कागद ओलसर केलेला असतो. फळीवर पाण्यातला रंग आणि भाताची पातळ खळ ब्रशने एकजीव करून पसरायची. खळीमुळे रंग फळीवर सारखा बसतो, डाग पडत नाहीत आणि कागदाच्या तंतूंत तो आतपर्यंत मुरतो. म्हणूनच या चित्रांतला रंग कागदावर बसलेला वाटत नाही, कागदाचाच वाटतो.

आकाशाच्या वरच्या कडेला गर्द निळी पट्टी आणि खाली येता येता ती नाहीशी होणारी, हे हिरोशिगेच्या चित्रांत सर्वत्र दिसतं. ते कोरलेलं नसतं. फळीचा तो भाग सपाटच असतो. छापणारा फळी ओल्या फडक्याने पुसतो, एका कडेला रंग ठेवतो आणि ब्रशच्या काही हातांत तो पाण्यात विरत नेतो. प्रत्येक प्रतीसाठी हे नव्याने करावं लागतं. या पद्धतीला बोकाशी म्हणतात, आणि झडीचं आभाळ छापायचं असेल तर हीच शिकावी लागेल.

आता रंगांकडे येतो, कारण मला या विषयात सर्वांत जास्त ओढ वाटते ती इथे. जुन्या जपानी छापचित्रांतले अनेक रंग कशाचे होते ते पाहिलं तर विदर्भ-सातपुड्याच्या शेतकऱ्याला आपल्याच धुऱ्यावर उभं असल्यासारखं वाटेल.

त्यांचा तो कोवळा गुलाबी-लाल रंग करडईच्या फुलांचा. उत्तर जपानमधल्या मोगामी नदीच्या खोऱ्यात त्यासाठी करडई पिकवली जाई. आपण करडई पेरतो ती तेलासाठी आणि कोवळी असताना भाजीसाठी. फूल वाळून जातं, त्याकडे कोणी पाहत नाही. त्या फुलात आधी पिवळा रंग असतो आणि तो पाण्यात धुऊन जातो. उरलेला लाल रंग क्षाराच्या पाण्यात सुटतो आणि आंबट पदार्थ घातला की पुन्हा खाली बसतो. जपान्यांनी हीच लाली ओठांना लावली आणि कागदावरही छापली.

पिवळ्यासाठी इतर रंगांसोबत हळदही वापरली जाई. त्याबद्दल वेगळं काय सांगायचं!

हारुनोबूच्या काळातला नाजूक आकाशी निळा एका रानफुलापासून मिळे. पावसाळ्यात आपल्या वावरात, कपाशीच्या ओळींत, बांधाच्या कडेला दोन निळ्या पाकळ्यांचा केना उगवतो, त्याच कुळातली ती जपानी वनस्पती. आपण केना उपटून फेकतो किंवा गुरांपुढे टाकतो. तिकडे त्याच्या पाकळ्यांचा रस कागदावर शोषून वाळवत आणि हवा तेव्हा पाण्यात सोडवून रंग काढत. मात्र हा रंग फार हळवा. थोडी ओल लागली तरी उडतो, उजेडात फिका पडतो. हारुनोबूच्या अनेक चित्रांत आज जे आकाश आणि पाणी मातकट दिसतं, ते मुळात निळं होतं.

त्याही आधीची, सतराव्या शतकाच्या अखेरची आणि अठराव्या शतकाच्या सुरुवातीची चित्रं एकरंगी छापून हाताने रंगवत. त्यात नारिंगी रंग प्रामुख्याने वापरला जाई आणि तो शिशाच्या भस्माचा असे. म्हणजे आपला शेंदूर. जामसावळीच्या निजलेल्या मारुतीचं दर्शन घेऊन येणाऱ्या भाविकांना वेगळं सांगायला नको की हा रंग किती ठसठशीत असतो. पण चित्रात तो वापरू नये. शिसं विषारी असतं, आणि हाताने रंग घोटणाऱ्याला तर ते जास्तच घातक. संत्र्याचा नारिंगी आज दुकानात तयार मिळतो, तोच घ्यावा.

काळा रंग काजळीचा आणि सरसाचा. तेलाच्या दिव्यावर किंवा पाइनच्या धुरावर धरलेली काजळी. नीळही होतीच, तिचं वेगळं सांगायला नको.

हे सगळं वाचून कोणी शाळेतल्या मुलांना घेऊन करडई आणि केन्याचे रंग काढून पाहिले तर मला फार आनंद होईल. त्यातून पिकाकडे पाहण्याची नजर बदलते. पण भिंतीवर वर्षानुवर्षं टिकायचं चित्र या रंगांनी छापू नये. करडईची लाली, हळद आणि केना हे तिन्ही रंग उजेडापुढे हार मानतात. जपानी छापणाऱ्यांनाही हे ठाऊक होतं, आणि म्हणूनच बाहेरून एक नवा निळा आला तेव्हा ते त्यावर तुटून पडले.

तो निळा बर्लिनमध्ये १७०६च्या सुमारास, लाल रंग करायला बसलेल्या एका रंगकाराच्या हातून अपघाताने तयार झाला होता. लोखंडाच्या क्षारांपासून बनणारा हा प्रशियन निळा गर्द, पारदर्शक आणि केन्याच्या निळ्याच्या तुलनेत कितीतरी टिकाऊ. जपानमध्ये तो १८२९-३०च्या सुमारास स्वस्त झाला आणि लगेच होकुसाईची फुजीवरची मालिका आली. सत्तरी गाठलेल्या माणसाचं ते काम. नाव ‘फुजीची छत्तीस दृश्यं’, पण ती इतकी खपली की प्रकाशकाने आणखी दहा काढून घेतली आणि एकूण सेहेचाळीस झाली. लाटेच्या चित्रात बाह्यरेघाही काळ्या नाहीत, गडद निळ्या आहेत. हाच प्रशियन निळा आज आपल्याकडच्या शाळकरी मुलाच्या रंगपेटीतही असतो. दांडेकर बंधूंनी १९३१मध्ये मुंबईत सुरू केलेल्या कॅम्लिनच्या जलरंगांत तो पाहिला असेल. होकुसाईला ज्यासाठी म्हातारपणापर्यंत थांबावं लागलं, तो रंग पांढुर्ण्याच्या स्टेशनरीच्या दुकानात मिळतो.

जपानी हातांनी भारत छापलाही आहे. हिरोशी योशिदा हा चित्रकार १९३०-३१च्या हिवाळ्यात आपल्या मुलाला, तोशीला घेऊन भारतात फिरला. परतल्यावर त्याने ताजमहाल, फतेहपूर सिक्री, बनारस, कांचनजंगा, उदयपूर यांच्यासोबत अजिंठा आणि सांचीचीही छापचित्रं केली. योशिदा हा जुन्या पद्धतीत बदल घडवणारा माणूस. प्रकाशकावर न विसंबता त्याने १९२५मध्ये स्वतःची चित्रशाळा उघडली, कोरणाऱ्या-छापणाऱ्यांवर स्वतः देखरेख ठेवली आणि स्वतःच्या देखरेखीत छापलेल्या चित्रांच्या समासात तशी मुद्रा उमटवली. त्याच्या आधी, १९१६मध्ये, कांपो आराई हा चित्रकार कोलकात्यात टागोरांच्या घरी शिकवायला आला होता. त्याने अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला केल्या. चित्रकार नंदलाल बोस १९२४मध्ये टागोरांबरोबर जपानला जाऊन आले. टागोरांच्या शांतिनिकेतनात रमेंद्रनाथ चक्रवर्तींनी रंगीत लाकडी छापचित्रं केली. १९३०च्या दांडीयात्रेवर नंदलालांनी लिनोलियमवर कोरलेला काठी घेतलेला गांधी तर सगळ्यांच्या ओळखीचा आहे.

योशिदाकडून आपण एक गोष्ट उचलावी. जपानच्या इनलँड समुद्रातल्या शिडाच्या होड्या त्याने १९२६मध्ये छापल्या, त्या एकाच संचाच्या फळ्यांवरून: सकाळी, दुपारी, धुक्यात, संध्याकाळी आणि रात्री. फळ्या त्याच, रंग बदलले. ज्याच्याकडे वेळ आणि लाकूड बेताचंच आहे, त्याला यासारखी दुसरी सोय नाही. एकदा कोरलेली संत्र्याची बाग मे महिन्यात ताण दिलेली, पानं गळालेली छापता येईल, मृगानंतर पांढऱ्या फुलांनी भरलेली छापता येईल आणि हिवाळ्यात नारिंगी ठिपक्यांनी लगडलेली. नारिंगीची तेवढी एक फळी कधी वापरायची, कधी बाजूला ठेवायची.

विषय निवडताना हिरोशिगेची आणखी एक सवय उपयोगी पडेल. शेवटच्या वर्षांत, १८५६ ते १८५८, त्याने एदोच्या प्रसिद्ध ठिकाणांची शंभराहून जास्त उभी चित्रं केली. त्यात एखादी वस्तू इतकी जवळ येते की ती चौकटीत मावत नाही, आणि गाव तिच्यामागे लहान दिसतं. नाइतो-शिंजुकूच्या चित्रात पुढे फक्त घोड्याचे मागचे पाय आणि शेपूट आहे, आणि त्यातून रस्ता दिसतो. पोळ्याच्या दिवशी पांढुर्ण्यात उभं राहून पाहा. बेगड लावलेलं एक शिंग, झुलीचा काठ, त्यामागे तोरण आणि माणसं. बैल पूर्ण दाखवायची गरजच नाही. होकुसाईने फुजीच्या एका चित्रात पिंप बनवणारा कारागीर काढला आहे. तो प्रचंड उघड्या पिंपाच्या आत बसून काम करतो आहे आणि पिंपाच्या गोलातून दूरवर इवलासा फुजी दिसतो. संत्री भरायच्या उघड्या खोक्याच्या चौकटीतून सातपुडा दाखवणं, ही त्या चित्राची नक्कल होणार नाही. तसं पाहायची सवय मात्र त्यातून येईल.

गोटमारीचा विषय टाळता येणार नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवून त्यावर झेंडा लावतात आणि पांढुर्णा आणि सावरगाव अशा दोन काठांवरून दगड सुटतात. दरवर्षी माणसं जखमी होतात, काहींचे जीवही गेले आहेत. दगड उडण्याचा क्षण चित्रात सहज खळबळ आणेल, पण तो क्षण छापून घराघरांत लावावा असं मला वाटत नाही. त्याआधीची पहाट छापावी. पात्रात एकटं उभं असलेलं पळसाचं झाड, दोन्ही काठ मोकळे. ज्याला ठाऊक आहे, त्याला पुढचं सगळं आपोआप दिसेल, आणि ज्याला ठाऊक नाही तो विचारेल.

आता हाताशी काय आहे ते पाहू. जपानी फळी डोंगरी चेरीची, बारीक आणि सारख्या पोताची. आपल्याकडे साग मुबलक, पण त्याच्या उघड्या रंध्रांमुळे केसासारखी रेघ तुटते. सातपुड्याच्या जंगलातला हळदू त्याहून बरा. त्याचं पिवळसर लाकूड बारीक पोताचं असतं, कंगवे आणि कातकाम करणारे म्हणूनच ते पसंत करत. सुताराकडून नीट रंधून घेतलेला हळदूचा तुकडा मिळाला तर रेघांची फळी त्याचीच करावी. सागही टाकून देऊ नये. जपानी छापणारे कधी कधी मुद्दाम लाकडाची शीर उमटू देत, फुजीच्या काही चित्रांत आकाशात ती दिसते. सागाची फळी ओली करून तारेच्या ब्रशने घासली की शिरा वर येतात आणि सपाट निळ्यात वाऱ्याच्या रेघा उमटतात. सुरुवात करणाऱ्याने मात्र सहा मिलिमीटरच्या मऊ प्लायवूडवरच शिकावं, पोस्टकार्डाहून थोडं मोठं चित्र घ्यावं आणि तीन रंगांत भागवावं. पावसाच्या उभ्या रेघा कोरणं अवघड वाटलं तर रंगाच्या फळीतच बारीक खाचा मारता येतात. तिथे कागद पांढरा राहतो आणि धारा उजळ दिसतात.

बारेन नसेल तर लाकडी डावाची पाठ किंवा सपाट बुडाची वाटी चालते. कागदाच्या पाठीवर एक गुळगुळीत कागद ठेवून त्यावरून घासावं. हत्यारात कसूर झाली तरी कागदात करू नये. छापील वहीचा कागद ओला केला की फाटतो. लांब तंतूंचा हातकागद लागतो. पुण्याची हातकागद संस्था १९४०पासून हे काम करत आली आहे. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघाने १९३४नंतर कागद बनवणं हा एक मुख्य उद्योग मानला होता. आपल्याकडचा हातकागद बहुधा सुती चिंध्यांचा, जपानी कागदापेक्षा जाड. तो जास्त पाणी पितो, म्हणून आधी त्याला सरस आणि तुरटीच्या पातळ पाण्याचा एक हात देऊन वाळवावं. मग रंग पसरत नाही.

ऋतूचं मात्र इथल्या माणसाने जपान्यांपेक्षा जास्त भान ठेवायला हवं. ओला कागद वाळला की आकसतो. मे महिन्यात पांढुर्ण्यात पारा चाळिशीच्या वर जातो, हवा कोरडी असते, आणि पहिला रंग छापून दुसऱ्या फळीकडे वळेपर्यंत कागदाची कड मिलिमीटरभर आत येते. मग खाचा कितीही नेमक्या असल्या तरी रंग रेघेबाहेर जातो. म्हणून कोरायचं काम उन्हाळ्यात आणि छापायचं काम पावसाळ्यात करावं. उन्हाळ्यात छापावंच लागलं तर पहाटे, खिडक्या लावून, ओल्या चादरी टांगून. कागद आदल्या रात्री ओल्या वर्तमानपत्राच्या थरांमध्ये रचून वर प्लास्टिक बांधून ठेवावेत, म्हणजे सकाळी सगळ्यांची ओल सारखी असते. पावसाळ्यात अशी गड्डी दोन-तीन दिवस राहिली की बुरशी धरते. लागतील तेवढेच कागद भिजवावेत. खळ तांदळाच्या पिठाची, रोज ताजी करावी.

मालिका करायची असेल तर वाट तयार आहे. हिरोशिगेने एदो ते क्योतो रस्त्यावरच्या त्रेपन्न मुक्कामांची मालिका केली, सुरुवात आणि शेवट धरून पंचावन्न चित्रं. सावनेरहून लोधीखेडा, सौसर, रामाकोना आणि पुढे सिल्लेवानी घाट चढून छिंदवाडा, हा एक रस्ता. नरखेडहून पांढुर्णा, तीगाव, चिचोंडा, मुलताई ही रेल्वेची दुसरी वाट. प्रत्येक ठिकाणचं एकच दृश्य: लोधीखेड्याजवळची नदी, सौसरचा आठवडी बाजार, घाटात थांबलेली मालगाडी. एकट्याने सगळं करायची गरज नाही. एखाद्या शाळेचा चित्रकलेचा शिक्षक रेखाटन करील, रांगोळीत हात बसलेली मुलगी कोरील, रंधा मारून फळी करून देणारा सुतार आणि छपाई सांभाळणारे दोघं-तिघं मिळतील. जुन्या जपानी पद्धतीत कामाची अशीच वाटणी होती, आणि चित्राखाली सगळ्यांची नावं घालायला आपल्याला कोणी अडवत नाही.

एका चित्राच्या पन्नासेक प्रती काढाव्यात. पहिल्या पाच-सहा बहुधा फिक्या येतात, कारण कोरडी फळी रंग पिऊन घेते. त्या विकू नयेत, फळीच्या पाठीला टाचून ठेवाव्यात, म्हणजे पुढच्या वेळी कोणता रंग किती घेतला होता ते समजतं. प्रत्येक प्रतीवर पेन्सिलने क्रमांक, ठिकाण आणि साल लिहावं. चित्र काचेमागे, पण उन्हाची तिरीप पडणार नाही अशा भिंतीवर लावावं. छापून झालं की फळ्या पाण्याने धुवाव्यात, उन्हात न ठेवता सावलीत उभ्या वाळवाव्यात, नाहीतर त्या वाकतात. वाळल्यावर कापडात गुंडाळून, वाळवीपासून जपायला कडुनिंबाची पानं घालून ठेवाव्यात. पुढच्या झडीला त्याच फळ्यांवर वेगळा निळा चढवता येईल.